सप्टेंबरचं दूध, डिसेंबरची फळी

डिसेंबर अर्धा सरला की लंडनच्या बरो मार्केटजवळ नील्स यार्ड डेअरीच्या दुकानाबाहेर रांग लागते. ओल्या थंडीत मफलर आवळून माणसं निमूट पुढे सरकत असतात. आत फळ्यांवर चीजचे मोठाले गोल गट्टू एकावर एक रचलेले. विक्रेता त्यातल्या एकातून नखाएवढा काप काढून पुढे करतो, गिऱ्हाईक तो चघळतं आणि मान हलवतं, किंवा पुढच्या गट्टूकडे बोट दाखवतं. नाताळच्या जेवणानंतर घरोघरी मांडल्या जाणाऱ्या चीज बोर्डाची ही खरेदी.

आपल्याकडे हा बोर्ड आला तो मुख्यतः फोटोंमधून. टेबलभर पसरलेली दहा-बारा चीजं, सलामीचे गुलाब, लाल द्राक्षांचे घोस, मधेमधे चॉकलेटं आणि वर रोझमेरीच्या काड्या. दिसायला छानच दिसतं. पण कशाशेजारी काय ठेवायचं आणि का, हे अशा फोटोतून कळत नाही. खरं तर नाताळच्या बोर्डाचा मूळ घाट फार साधा आहे. त्या आठवड्यात नेमकी मुरलेली तीन-चार चीजं घ्यायची आणि प्रत्येकात जे कमी आहे ते पुरवणारं तोंडीलावणं शेजारी ठेवायचं. यात 'त्या आठवड्यात' हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

इंग्लंडात या बोर्डाचा मानकरी ठरलेला आहे: स्टिल्टन. पिवळसर दुधी रंग, आत निळ्या-हिरव्या शिरा, बाहेर खडबडीत तपकिरी साल. जिभेवर आधी साय पसरते, मग खारटपणा येतो आणि शेवटी किंचित कडसर, तिखटाच्या जवळ जाणारा झटका. हे चीज करताना गायीचं दूध रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विकराने, बांधतात, ते घट्ट झालं की कापून निवळी निथळू देतात, उरलेला गोळा कुस्करून त्याला मीठ लावतात आणि उभट साच्यांत भरतात. वर वजन ठेवून दाबत नाहीत. त्यामुळे आत कणाकणांत फटी राहतात, आणि त्याच हव्या असतात. दुधातच पेनिसिलियम रोकफोर्टी ही बुरशी घातलेली असते; मात्र हवा मिळाल्याशिवाय ती वाढत नाही. म्हणून आधी सुरीने बाहेरची बाजू घासून फटी बुजवतात, बुरशीला थोपवून धरतात, आणि पाच-सहा आठवड्यांनी स्टीलच्या लांब सुया खुपसून भोकं पाडतात. हवा शिरते आणि निळ्या शिरा फटीफटीतून पसरत जातात. बाजारात येण्याआधी किमान नऊ आठवडे हे चीज मुरतं. एका गट्टूचं वजन असतं साधारण ८ किलो, आणि त्यासाठी सुमारे ७५ लिटर दूध लागतं.

आता नाताळपासून हे आठवडे उलटे मोजा. मुरण्याची किमान मुदत आणि वर चव भरण्यासाठी आणखी काही आठवडे धरले तर आपण सप्टेंबरात पोचतो. इंग्लंडात तेव्हा उन्हाळा सरत असतो, पण गायी अजून कुरणात चरत असतात. ज्या वसंतात व्यायल्या आहेत, त्यांचं दूध कमी होत चाललेलं असतं आणि त्यात स्निग्धांश व प्रथिनं मात्र वाढलेली असतात. असं दाट दूध चीजला उत्तम. म्हणजे स्टिल्टन नाताळचं चीज झालं ते कुणा राजाच्या किंवा जाहिरातवाल्याच्या सांगण्यावरून नव्हे. वर्षातलं चांगलं दूध आणि वर्षातला मोठा सण यांच्यात बरोबर एका चीजच्या मुरण्याएवढं अंतर पडतं म्हणून.

स्टिल्टन गावात मात्र स्टिल्टन करायला कायद्याने बंदी आहे. १९९६ साली या चीजला युरोपीय संघाचं संरक्षित भौगोलिक नाव मिळालं आणि डर्बीशर, लेस्टरशर व नॉटिंगहॅमशर हे तीनच परगणे त्यात धरले गेले. गाव पडतं केंब्रिजशरमध्ये. अठराव्या शतकात लंडनहून उत्तरेकडे जाणारा हमरस्ता या गावातून जाई, तिथल्या बेल इन या खानावळीत हे चीज विकलं जाई, आणि घोडागाड्या बदलणारे प्रवासी गावाचं नाव चीजबरोबर घेऊन जात. 'रॉबिन्सन क्रूसो'चा लेखक डॅनियल डेफो याच रस्त्याने गेला होता. त्याच्या प्रवासवर्णनात नोंद आहे की हे चीज किड्यांसकट ताटात येई आणि ते किडे खायला चमचाही दिला जाई. आजच्या स्टिल्टनला चमचा लागत नाही.

हंगामाचं हेच गणित फ्रान्समध्ये वेगळ्या रीतीने दिसतं. स्वित्झर्लंडला लागून असलेल्या ज्युरा पर्वतात कोंते नावाचं चीज होतं. त्याचा गट्टू चाळीस किलोंच्या आसपासचा आणि त्याला लागतं सुमारे ४०० लिटर दूध. हिवाळा जवळ आला, गायी गोठ्यात परतल्या आणि दूध आटलं की पूर्वीच्या शेतकऱ्यांना एवढं दूध जमवणं अवघड जाई. मग त्याच दुधाचं ते छोटं, मऊ चीज करत. त्याचं नाव मों दोर. ते इतकं मऊ असतं की आकार टिकावा म्हणून भोवती स्प्रूस झाडाच्या सालीची पट्टी बांधतात आणि लाकडी डबीत ठेवतात. पट्टीचा राळेसारखा वास चीजमध्ये उतरतो. फ्रेंच नियमांनुसार ते १५ ऑगस्ट ते १५ मार्च याच काळात करता येतं आणि १० सप्टेंबर ते १० मे एवढ्याच काळात विकता येतं. जूनमध्ये कितीही पैसे मोजले तरी मिळणार नाही. नाताळात वरची साल कापून उघडतात आणि चमच्याने वाढून घेतात.

याच न्यायाने एक गोष्ट बोर्डावर नसावी: ताजं शेळीचं चीज. शेळ्या नैसर्गिक क्रमाने वसंतात वितात आणि हिवाळ्यात आटतात. आज प्रकाश आणि प्रजननाचं नियोजन करून वर्षभर दूध काढलं जातं, त्यामुळे पांढरंशुभ्र, लिंबासारखं आंबूस शेळीचं चीज डिसेंबरातही दुकानात असतं. पण त्याची जागा एप्रिल-मेमध्ये आहे. नाताळात शेळीचं हवंच असेल तर काही महिने मुरलेलं, कडक आणि खमंग झालेलं घ्यावं.

या रांगा, ही निवड, हा चोखंदळपणा ब्रिटनमध्ये मधे जवळजवळ संपला होता, हेही सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात सरकारने दूध मुख्यतः एकाच प्रकारच्या टिकाऊ, कडक चीजकडे वळवलं आणि त्याचं रेशन लावलं: आठवड्याला माणशी साधारण ५६ ग्रॅम, कधी त्याहूनही कमी. शेतावर चीज करणारी असंख्य घरं त्या काळात थांबली ती थांबलीच. रेशन उठलं १९५४ मध्ये. तोवर एका पिढीला चीज म्हणजे पिवळी वडी एवढंच ठाऊक उरलं होतं. जॉर्ज ऑर्वेलने १९४५ च्या डिसेंबरात इंग्रजी स्वयंपाकाची बाजू घेणारा लेख लिहिला, त्यात स्टिल्टनला जगातल्या त्या जातीच्या चीजांमध्ये पहिला मान दिला. पण तेव्हा ते मिळवणं सोपं नव्हतं. पुढे १९७९ मध्ये लंडनमध्ये नील्स यार्ड डेअरी सुरू झाली, १९८२ मध्ये पॅट्रिक रान्स या दुकानदाराने ब्रिटिश चीजांवरचं आपलं मोठं पुस्तक काढलं, आणि शेतावरची चीजं एकेक करून शहरात येऊ लागली. आजचा इंग्लिश बोर्ड परंपरेचा म्हणून मिरवला जातो, पण त्याचा बराचसा भाग गेल्या पन्नास वर्षांत पुन्हा उभा केलेला आहे.

तर मग फळीवर काय ठेवावं? माझं मत: चार. सहा माणसांसाठी चार चीजं पुष्कळ झाली. जेवणानंतर खायचं असेल तर माणशी एकूण ८० ते १०० ग्रॅम पुरतात. दहा चीजांचे तुकडे आणण्यापेक्षा चार चांगले मोठे तुकडे आणावेत, कारण लहान तुकडा लवकर सुकतो आणि मोठ्या तुकड्यात सालीपासून गाभ्यापर्यंतची चव शाबूत राहते. चारांत एक निळं, एक कडक, एक मऊ, आणि चौथं जरा उग्र वासाचं, कुणीतरी नाक मुरडेल असं.

कडकमध्ये इंग्लंडात अर्थातच चेडर. प्लॅस्टिकमध्ये मुरलेल्या चौकोनी विटेचं नव्हे, तर कापडात गुंडाळून वर्ष-दीड वर्ष ठेवलेलं. चाखताना त्यात मातीचा आणि भाजलेल्या दाण्यांचा वास येतो, आणि तुकडा कापताना भुगा होतो. कोंते किंवा जुनं खाउडा घेतलं तरी चालेल. इटलीचं पार्मिजानो रेज्जानो घ्या, त्यालाही बारा महिन्यांच्या आत बाजार दाखवत नाहीत. अशा जुन्या चीजमध्ये दाताखाली कचकन फुटणारे पांढरे कण लागतात. ते मिठाचे नसतात. मुरताना प्रथिनं तुटतात आणि त्यातून सुटलेलं टायरोसिन हे अमिनो आम्ल स्फटिक बनून बसतं. ते कण म्हणजे वयाचा दाखला.

उग्र वासाचं चीज नवख्याला घाबरवतं. बर्गंडीतलं एप्वास घ्या किंवा इंग्लंडचं स्टिंकिंग बिशप. मुरत असताना यांची साल वारंवार धुतात; एप्वासला द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेल्या दारूचं पाणी, बिशपला नाशपातीची दारू. या ओलाव्यात ब्रेव्हीबॅक्टेरियम जातीचे जिवाणू वाढतात आणि साल नारिंगी होते. याच कुळातले जिवाणू माणसाच्या पावलांवर राहतात, त्यामुळे बुटांच्या वासाची आठवण येते त्यात नाकाची काही चूक नाही. आतलं चीज मात्र वासाच्या मानाने अगदी सौम्य, सायीसारखं असतं.

आता तोंडीलावणं. इथे मराठी माणसाला फार शिकवावं लागत नाही, कारण पानाची डावी बाजू त्याला माहीत आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं हे सगळं डावीकडे थोडंथोडं असतं, कारण उजवीकडच्या प्रत्येक घासात काहीतरी उणं असतं. चीजमध्ये काय आहे? चरबी आहे, मीठ आहे, प्रथिनं तुटून आलेली खमंग चव आहे. काय नाही? गोडवा, टवटवीत आंबटपणा आणि कुरकुरीतपणा. बोर्डावर चीजशिवाय जे काही ठेवायचं ते या तीनांपैकी एक काम करणारं असावं. काम नसेल तर ती फक्त सजावट.

इंग्लिश लोक स्टिल्टनसोबत सेलरीचे दांडे खातात. व्हिक्टोरियन काळात सेलरी उभी ठेवायला काचेच्या खास उंच फुलदाण्या असत. पाणीदार, किंचित कडू, कचकचीत दांडा जिभेवरची चरबी धुऊन काढतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. अक्रोड दुसरं काम करतो: त्याच्या सालीतला तुरटपणा आणि तेलकट खमंगपणा निळ्या शिरांच्या चवीला आधार देतो. नाशपाती तर जुनीच जोडी. इटलीत एक म्हण आहे, तिचा आशय असा की चीज आणि नाशपाती एकत्र किती छान लागतं हे शेतकऱ्याला कळू देऊ नये. चीज गरिबाचं, पटकन नासणारी नाशपाती श्रीमंताच्या बागेतली. या एका म्हणीवर मास्सिमो मोंतानारी या इतिहासकाराने अख्खं पुस्तक लिहिलं आहे.

यॉर्कशरमध्ये नाताळच्या फ्रूटकेकवर वेन्सलीडेल चीजचा काप ठेवून खातात. ऐकायला विचित्र, पण मनुका-बेदाणे आणि मसाल्यांनी जड झालेल्या केकला ते भुसभुशीत, ताकासारखं आंबूस चीज हलकं करतं. मला तरी बोर्डावरच्या कोणत्याही महागड्या जामपेक्षा ही जोडी सरस वाटते.

आणि चटणी. ब्रिटिश बोर्डावर चटणीची बाटली असतेच, आणि ती आपल्याकडूनच गेली आहे. पण वाटेत तिचं रूप पार बदललं. सफरचंद, कांदा, मनुका, व्हिनेगर आणि भरपूर साखर घालून तासन्‌तास शिजवलेला तो पाक आहे. आपल्या पाट्यावरच्या ओल्या चटणीपेक्षा त्याचं नातं मेथांब्याशी किंवा साखरांब्याशी जास्त. १९२२ साली बर्टनजवळच्या ब्रॅन्स्टन गावात क्रॉस अँड ब्लॅकवेल कंपनीने याच वळणाचं भाज्यांचं गोड-आंबट लोणचं काढलं. चेडर आणि ब्रॅन्स्टन पिकल ही जोडी आज तिथल्या पबांत आणि डब्यांत सर्रास दिसते. घरचा मेथांबा असेल तर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने बाटली विकत घेऊ नये. चेडरजवळ मेथांबा चोख काम करतो, कारण त्यात आंबट, गोड आणि कडसर तिन्ही आहेत. निळ्या चीजजवळ मात्र तो नको, मेथी आणि बुरशी एकमेकांवर कुरघोडी करतात.

बिस्किटांबद्दल एकच सांगणं: साधी. ओट्सची किंवा नुसत्या मैद्याची. लसूण, ओवा, मिरी लावलेली बिस्किटं चीजचं तोंड बंद करतात.

सगळ्यात गोड आणि सगळ्यात लांबचा प्रवास केलेलं तोंडीलावणं आहे फळांचा घट्ट गर. स्पेनमध्ये ला मांचा भागातल्या मेंढीच्या दुधाच्या मांचेगो चीजवर क्विन्सच्या गराची लालसर वडी ठेवतात. क्विन्स हे सफरचंद-नाशपातीच्या कुळातलं फळ. दिसायला देखणं, वासाला सुरेख, पण कच्चं खाल्लं तर तोंड आकसून जाईल इतकं तुरट. साखरेबरोबर मंद आचेवर शिजवत राहिलं की त्याचा फिकट गर हळूहळू लाल होतो, आणि त्यात पेक्टिन इतकं असतं की थंड झाल्यावर सुरीने कापता येतो. पोर्तुगालमध्ये हीच वडी मार्मेलाद म्हणून खातात, तीही चीजबरोबर.

पोर्तुगीज जिथे गेले तिथे ही वडी करायची हौस घेऊन गेले. उष्ण प्रदेशात क्विन्स कुठून मिळणार? पण ब्राझीलमध्ये पेरू होता, आणि पेरूतही पेक्टिन भरपूर. तिथे पेरूची वडी झाली. तिथल्या साध्या पांढऱ्या चीजबरोबर ती आजही खाल्ली जाते, आणि त्या जोडीला तिथे रोमिओ-ज्युलिएट म्हणतात. गोव्यातही पेरूच आला आणि त्याचं झालं पेराद. नाताळच्या फराळात, म्हणजे कुस्वारमध्ये, दोदोल, नेवऱ्यांच्या पंगतीत ते मानाने बसतं. मुंबईत वांद्र्याच्या आणि वसईच्या ख्रिस्ती घरांतही डिसेंबरात पेरूचा गर कढईची कड सोडेपर्यंत घोटतात, तुपाचा हात लावलेल्या ताटात थापतात आणि शंकरपाळ्यासारख्या वड्या पाडतात. तिथे त्याला गावा चीज म्हणतात, आणि त्यात चीजचा कणही नसतो.

पोर्तुगालमध्ये जी वडी चीजची सोबतीण होती, ती गोव्यात येताना एकटीच आली. तेव्हा तिची जोडी पुन्हा लावायला हरकत नाही. जुन्या चेडरच्या किंवा खाउडाच्या पातळ कापावर तितकाच पातळ पेरादचा काप ठेवा. खारट आणि गोड यांचं हे नातं नुसत्या सवयीचं नाही: मिठातला सोडियम जिभेवरचा कडवटपणा दाबतो, त्यामुळे गोडवा अधिक उठून येतो. पेराद करताना पिळलेलं लिंबू तेवढं जरा सढळ असावं, नाहीतर नुसतीच साखर लागते.

स्टिल्टनबरोबर पोर्ट का, याचं उत्तरही तेच. पोर्ट ही पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली वाइन. द्राक्षरस आंबत असताना मधेच त्यात कडक ब्रँडी ओततात. यीस्ट मरतं, न आंबलेली साखर तशीच राहते आणि वाइन गोड व जोरकस होते, मद्यांश २० टक्क्यांच्या आसपास. १७०३ च्या मेथ्युएन करारानंतर इंग्लंडात पोर्तुगीज वाइनवरचा कर फ्रेंच वाइनपेक्षा कमी झाला आणि इंग्रजांची जीभ पोर्टवर बसली. खारट, कडसर चीज आणि गोड, दाट वाइन. फ्रेंच लोक हेच काम रोकफोर्ट या निळ्या चीजशेजारी सोतेर्न ही गोड पांढरी वाइन ठेवून करतात. उलट लोक हटकून घेतात ती कोरडी, तुरट रेड वाइन निळ्या चीजशेजारी कडू आणि धातूसारखी लागते. कडक चीजबरोबर ती चालून जाते, बाकीच्यांबरोबर पांढरी वाइन बरी. न पिणाऱ्यांनी संकोच करू नये. गार सफरचंदाचा रस चेडरला पुरेसा आहे, आणि जरा गोडसर केलेलं कोकम सरबत मऊ चीजनंतर तोंड छान साफ करतं.

इंग्रजी घरांत पोर्टची सुरई टेबलावर डावीकडेच फिरवायची असा दंडक आहे. कुणी ती स्वतःपाशी अडवून बसला तर त्याला मागत नाहीत. नॉर्विचच्या बिशपांशी आपली ओळख आहे का, एवढंच विचारतात. समजणारा समजतो. फ्रेंच लोक चीज गोडाच्या आधी खातात, इंग्रज बहुधा गोडानंतर, आणि दोघांनाही दुसऱ्याचा क्रम चुकीचा वाटतो.

शाकाहारी वाचकांसाठी एक मुद्दा टाळता येणार नाही. पारंपरिक रेनेट वासराच्या जठरातून काढतात. पार्मिजानो, कोंते, रोकफोर्ट यांच्या नियमांतच प्राणिज रेनेट आहे, तिथे पर्याय नाही. १९९० मध्ये अमेरिकेत सूक्ष्मजीवांकडून तयार करवलेल्या कायमोसिनला, म्हणजे रेनेटमधल्या दूध बांधणाऱ्या विकराला, मान्यता मिळाली आणि तेव्हापासून जगातल्या पुष्कळ चीजचं रेनेट बदललं. भारतात हिरवा ठिपका पाहावा. ब्रिटनमध्ये वेष्टनावर शाकाहारी असल्याची नोंद असते आणि तशी स्टिल्टनंही मिळतात. पण पोर्तुगालच्या सेर्रा द एश्त्रेला डोंगरातलं मेंढीचं चीज पूर्वापार रानटी आर्टिचोकच्या कुळातल्या एका काटेरी झाडाच्या फुलांनी बांधतात, वासराचा संबंधच नाही. ते मऊ, वाहतं, किंचित कडसर असतं, आणि मों दोरची जागा सहज घेतं. कापडात मुरलेल्या चेडरबद्दल विचारून घ्यावं: त्या कापडाला बहुधा डुकराची चरबी चोपडलेली असते. आणि घरात कुणी गरोदर असेल तर मऊ, बुरशीच्या सालीची आणि निळी चीजं तिच्यापुरती बाजूला ठेवावीत, कारण त्यांत लिस्टेरिया जिवाणूचा धोका असतो. कडक चीज तिने खुशाल खावं.

महाराष्ट्रात बोर्ड मांडायचा तर आता सगळं परदेशातून आणायची गरज उरलेली नाही. पुण्याचं एबीसी फार्म्स अनेक वर्षं चीज करतंय, मुंबईची एलेफ्थेरिया काळ्या मिरीत घोळवून मुरवलेलं चीज 'काळी मिरी' याच नावाने विकते. तोंडीलावण्यांत तर आपण श्रीमंत आहोत. पुरंदरच्या अंजिरांचा खट्टा बहार याच दिवसांत येतो. अंजीर उभं चिरून निळ्या चीजशेजारी ठेवावं. महाबळेश्वरचा मध कडक चीजवर थेंबभर. स्ट्रॉबेरी मात्र ताज्या, मऊ चीजलाच. निळ्याशेजारी ती बिचारी हरवते.

चीज थंडगार वाढू नये. फ्रिजमधल्या ४ अंशांना दुधातली चरबी घट्ट गोठलेली असते आणि वास तिच्यातच अडकून राहतो. वीस अंशांच्या आसपास ती सैल होते आणि चव मोकळी होते. लंडनच्या घरात यासाठी तासभर आधी बाहेर काढावं लागतं. मुंबईत अर्धा तास पुष्कळ, नाहीतर मऊ चीज फळीवरून चालायला लागेल. तोवर झाकून ठेवावं, पण प्लॅस्टिकने नव्हे. बटर पेपर चांगला.

प्रत्येक चीजला वेगळी सुरी, निदान निळ्याला तरी, कारण त्याची बुरशी बाकीच्यांवर माखते. त्रिकोणी तुकड्याचं टोक आडवं छाटून घेणं फ्रान्समध्ये असभ्य समजतात, आणि त्याला कारण आहे. मऊ चीज बाहेरून आत मुरतं, त्यामुळे सालीजवळ आणि गाभ्यात चव वेगळी असते. टोक छाटणारा उत्तम भाग एकटा घेतो आणि मागच्याला नुसती साल उरते. म्हणून काप उभे, टोकापासून सालीपर्यंत. स्टिल्टनमध्ये खड्डा करून चमच्याने खाण्याची आणि त्यात पोर्ट ओतण्याची जुनी पद्धत काही घरांत अजून दिसते. त्याने चीज आणि पोर्ट दोन्ही वाया जातात. खायचं सौम्याकडून उग्राकडे: आधी मऊ, मग कडक, मग धुतलेल्या सालीचं, शेवटी निळं. उलटं गेलात तर मों दोर पाण्यासारखं लागेल.

उरलेल्याचंही ठरलेलं आहे. पार्मिजानोची साल फेकू नये, डाळीच्या किंवा भाज्यांच्या सूपमध्ये तासभर उकळत ठेवावी. स्टिल्टनचे चुरे मऊ लोण्यात, चीजच्या साधारण अर्ध्या वजनाच्या, घोटावेत. चिमूटभर जायपत्री आणि चमचाभर पोर्ट घालून वाटीत दाबून बसवावेत आणि वर वितळलेल्या लोण्याचा थर ओतावा. लोणी गोठलं की आत हवा जात नाही, आणि वाटी फ्रिजमध्ये आठवडाभर तरी छान राहते. नवीन वर्षाच्या सकाळी भाजलेल्या पावावर लावून खातात.